शंभरातले एकाहत्तर: भाव, व्हॉल्यूम आणि इंट्राडेचा हिशेब

२०२२-२३ या आर्थिक वर्षात शेअर बाजाराच्या रोखीच्या विभागात इंट्राडे सौदे करणाऱ्या दर १०० वैयक्तिक ट्रेडरांपैकी ७१ जण तोट्यात राहिले. वर्षभरात ५०० पेक्षा जास्त सौदे करणाऱ्यांत हेच प्रमाण ८० होते. बाजार नियामक सेबीने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीतले हे दोन आकडे. पहिला सगळीकडे छापून आला. दुसरा जास्त काही सांगतो. सौदे वाढले की हात बसतो, चार्टवर नजर तयार होते, असे ट्रेडिंगच्या क्लासमध्ये सांगतात. तसे असते तर दुसरा आकडा ७१ च्या खाली हवा होता. तो नऊ अंकांनी वर आहे.

ही पाहणी ब्रोकरांकडच्या खात्यांच्या नोंदींवर झाली. कोणी काय पाहून सौदा केला, हे अशा नोंदींत येत नाही, त्यामुळे ७१ हा कोणत्याही एका पद्धतीवरचा निकाल नव्हे. पण इंट्राडेवाल्याचा दिवस सव्वानऊला सुरू होतो आणि साडेतीनच्या आत संपतो. कंपनीचे निकाल तीन महिन्यांतून एकदा येतात. मधल्या रोजच्या निर्णयांसाठी त्याच्यासमोर स्क्रीनवर दोनच गोष्टी सतत हलत असतात: भाव आणि व्हॉल्यूम.

या दोन्हींवरून चाल ओळखायची रीत जुनी आहे. चार्ल्स डाऊ १९०२ मध्ये वारले; त्यांच्या लेखांवरून पुढे जो सिद्धान्त उभा राहिला, त्यात भावाच्या दिशेला व्हॉल्यूमची साक्ष लागते. १९६३ मध्ये जोसेफ ग्रॅनव्हिल यांनी ती साक्ष एका बेरजेत बसवली: शेअर वर बंद झाला तर दिवसाचे सगळे व्हॉल्यूम अधिक, खाली बंद झाला तर सगळे उणे. आज मोबाइलवरच्या जवळपास प्रत्येक चार्टमध्ये ही बेरीज ‘ओबीव्ही’ नावाने मिळते. बाकीचे नियम याच घरातले. भाव वाढतो आहे आणि व्हॉल्यूमही वाढते आहे, तर तेजी खरी. भाव वाढतो पण व्हॉल्यूम आटते, तर सावध. भाव मोठ्या व्हॉल्यूमने पडला, तर मोठे हात माल सोडत आहेत. रेझिस्टन्स, म्हणजे भाव वारंवार अडतो ती पातळी, तोडताना व्हॉल्यूम सरासरीच्या दीडपट नसेल, तर ब्रेकआउटवर विश्वास ठेवू नका.

नियम चुकीचे आहेत का, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू. आधी खर्च, कारण तो नक्की माहीत असतो.

सेबीच्या त्याच पाहणीनुसार तोट्यातल्या ट्रेडरांनी सौद्यांमधल्या तोट्याच्या आणखी ५७ टक्के रक्कम खर्चापोटी दिली. म्हणजे सौद्यांत १०० रुपये गेले, तर खिशातून १५७ गेले. नफ्यातल्यांचा खर्च नफ्याच्या १९ टक्के होता. १०० कमावले, तर हातात ८१ आले.

एका सौद्यावर हा खर्च किती बसतो, ते उलगडून पाहता येते. १ लाख रुपयांचे शेअर सकाळी घेतले आणि साधारण त्याच भावाला दुपारी विकले, असे धरू. डिस्काउंट ब्रोकरकडे ऑर्डरमागे २० रुपयांप्रमाणे दलाली ४० रुपये. विक्रीवर ०.०२५ टक्के एसटीटी (रोखे व्यवहार कर), म्हणजे २५ रुपये. खरेदीवर ०.००३ टक्के मुद्रांक शुल्क, ३ रुपये. एनएसईचे शुल्क ऑक्टोबर २०२४ च्या दराने लाखाला २.९७ रुपये, दोन्ही बाजू धरून ५.९४. सेबीचे शुल्क कोटीला १० रुपये, म्हणजे इथे २० पैसे. दलाली आणि या दोन शुल्कांवर १८ टक्के जीएसटी, ८.३१ रुपये. एकूण ८२ रुपये ४५ पैसे. सौद्याच्या रकमेच्या ०.०८२ टक्के.

०.०८२ टक्के वाचताना क्षुल्लक वाटतो. वर्षात बाजार सुमारे २५० दिवस चालतो. रोज असे दोन सौदे केले, तर ५०० सौद्यांचा खर्च ४१,२२५ रुपये. इंट्राडेला पाचपटीपर्यंत मार्जिन मिळते. १ लाखाचा सौदा २० हजारांच्या भांडवलावर होतो. तेव्हा तोच खर्च सौद्यामागे भांडवलाच्या ०.४१ टक्के होतो, आणि वर्षाचा खर्च भांडवलाच्या दुपटीहून थोडा जास्त. एकही सौदा चुकला नाही आणि एकही बरोबर आला नाही, तरी एवढे जातात.

यावरून किती वेळा बरोबर यावे लागते, तेही काढता येते. टार्गेट १ टक्का आणि स्टॉपलॉस १ टक्का असेल, तर खर्च नसताना निम्मे सौदे जिंकून बरोबरी होते. खर्च धरून ५४.१ टक्के सौदे जिंकावे लागतात. टार्गेट आणि स्टॉपलॉस अर्ध्या टक्क्यावर आणले, तर ५८.२ टक्के. आता यात स्लिपेज मिसळा: १,००० रुपयांचा शेअर घेताना ५० पैसे वर मिळाला आणि विकताना ५० पैसे खाली गेला. ब्रेकआउटच्या क्षणी सगळे एकाच बाजूला उभे असतात, तेव्हा ५० पैसे हा अंदाज हात राखूनच केलेला आहे. बरोबरीसाठी ६८.२ टक्के लागतात. दर तीन सौद्यांत दोनाहून जास्त. चाल जितकी लहान पकडायची, तितके खर्चाचे वजन वाढते. वारंवार सौदे करणारे साधारणपणे लहान चालीच पकडत असतात, आणि ७१ व ८० मधल्या अंतराचा काही भाग तरी इथे सापडतो.

आता नियमांकडे. ते निराधार आहेत असे संशोधन म्हणत नाही. अँड्र्यू लो, हॅरी मामायस्की आणि जियांग वांग यांनी २००० मध्ये १९६२ ते १९९६ या काळातले अमेरिकी शेअर घेऊन दहा प्रचलित आकृतिबंध संगणकाकडून ओळखवून घेतले. त्यांतल्या काहींमध्ये पुढच्या भावाबद्दल थोडी जास्तीची माहिती असल्याचे आढळले. तेवढ्यावरून जास्तीचा नफा काढता येईलच असे नाही, हेही लेखकांनीच लिहून ठेवले. व्हॉल्यूमबद्दल २००१ मधला जर्व्हे, कॅनिएल आणि मिंगेलग्रिन यांचा अभ्यास अधिक थेट आहे. एखाद्या दिवशी किंवा आठवड्यात नेहमीपेक्षा खूप जास्त व्हॉल्यूम झालेल्या शेअरांनी पुढच्या महिन्याभरात सरासरीने बरी कामगिरी केली. कारण म्हणून त्यांनी मोठे हात, ऑपरेटर वगैरे काही पुढे केले नाही. व्हॉल्यूममुळे शेअर लोकांच्या नजरेत येतो, असे त्यांचे म्हणणे.

या अभ्यासातले दोन शब्द महत्त्वाचे: ‘सरासरीने’ आणि ‘महिना’. हा परिणाम अनेक शेअरांच्या टोपलीत मिळून दिसतो आणि त्याला आठवडे लागतात. साडेतीनच्या आत एका शेअरमध्ये तो वसूल करायचा, हा वेगळाच दावा झाला.

शिवाय खोट्या इशाऱ्यांचे गणित आहे. एनएसईवर रोज २,००० च्या वर कंपन्यांचे शेअर हातबदल होतात. ‘व्हॉल्यूमसह ब्रेकआउट’ची अट निव्वळ योगायोगाने पूर्ण होण्याची शक्यता प्रत्येक शेअरमागे रोज १ टक्का धरली, तर दिवसाला २० आणि वर्षाला ५,००० इशारे मिळतील, ज्यांच्यामागे काहीच नाही. स्कॅनर रोज संध्याकाळी यादी देतो, आणि यादी कधी रिकामी येत नाही, याचे एक कारण हेही आहे.

एक दिवस जवळून पाहू: बुधवार, १७ जानेवारी २०२४.

आदल्या संध्याकाळी एचडीएफसी बँकेचे तिमाही निकाल आले होते. कर्जांच्या मानाने ठेवी वाढत नाहीत, ही बाजाराची तक्रार होती. मंगळवारी ४८,१२५.१० वर बंद झालेला बँक निफ्टी बुधवारी ४६,५७३.९५ वर उघडला, ३.२ टक्क्यांची गॅप. बंद झाला ४६,०६४.४५ वर, ४.२८ टक्के खाली. एचडीएफसी बँकेचा शेअर सुमारे साडेआठ टक्के पडून १,५३७ रुपयांच्या आसपास थांबला. परदेशी संस्थांनी त्या दिवशी रोखीच्या बाजारात निव्वळ १०,५०० कोटींहून जास्त विक्री केली.

पुस्तकाप्रमाणे हा सरळ उतारा आहे: मोठी गॅप, मोठे व्हॉल्यूम, दिवसअखेर नीचांकाकडे बंद. मोठे हात माल सोडत आहेत. १४ फेब्रुवारीला शेअर १,३६३ रुपयांपर्यंत उतरला, आणखी ११ टक्के. चार आठवडे नियम बरोबर होता. ३ जुलैला तोच शेअर १,७९४ वर होता. १७ जानेवारीच्या बंद भावापेक्षा १७ टक्के वर आणि तळापासून ३२ टक्के वर. चोवीस आठवड्यांच्या हिशेबात नियम चुकला. नियम कोणत्या मुदतीसाठी आहे, हे नियमातच लिहिलेले नसते. ज्याला जे सिद्ध करायचे, तो तेवढा चार्ट कापून दाखवू शकतो.

पण त्या दिवसाचा मोठा आकडा दीड वर्षाने बाहेर आला. ३ जुलै २०२५ रोजी सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकी ट्रेडिंग समूहावर अंतरिम आदेश काढला आणि नमुन्यादाखल याच १७ जानेवारीचा तपशील मांडला. सेबीच्या म्हणण्यानुसार समूहाने सकाळच्या टप्प्यात बँक निफ्टीतले शेअर आणि फ्युचर्स मिळून ४,३७० कोटी रुपयांची खरेदी केली आणि त्याच वेळात ऑप्शनमध्ये पडणाऱ्या बाजारावर कितीतरी मोठी पोझिशन उभी केली. दुपारच्या टप्प्यात आधीची खरेदी विकून टाकली. शेअर-फ्युचर्समध्ये ६१.६ कोटींचा तोटा, ऑप्शनमध्ये ७३४.९३ कोटींचा नफा. तोट्याच्या एका रुपयामागे जवळपास बारा रुपये. निव्वळ ६७३ कोटी, एका दिवसात. तो दिवस बँक निफ्टीच्या साप्ताहिक एक्स्पायरीचा होता. त्या दिवशी बँक निफ्टी ऑप्शनची उलाढाल त्यातल्या शेअरांच्या रोखीच्या उलाढालीच्या ३५३ पट होती, असेही आदेशात आहे. समूहाने आरोप नाकारले, हे निर्देशांकातले नेहमीचे आर्बिट्राज असल्याचे सांगितले आणि रोखे अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. आदेशाप्रमाणे ४,८४३ कोटी रुपये त्याने जमाही केले.

दोषी कोण, हे न्यायाधिकरण ठरवेल. चार्ट पाहणाऱ्याच्या दृष्टीने मुद्दा त्याआधीचा आहे. त्या सकाळी पंधरा मिनिटांच्या कँडलवर बँकांच्या शेअरांत गॅप-डाउननंतर व्हॉल्यूमसह खरेदी येताना दिसत होती. पुस्तकात याला सपोर्ट म्हणतात. खरेदी खरी होती, पैसेही खरे मोजले गेले होते. सेबीचे म्हणणे मानले, तर ती खरेदी करणाऱ्याला भाव पडायला हवे होते. व्हॉल्यूमच्या दांडीवर घेणाऱ्याचे नाव नसते, आणि त्याचा दुसरा सौदा कुठे आहे हेही नसते. ३५३ पटीचा बाजार दुसऱ्या खिडकीत चालू असताना या खिडकीतले व्हॉल्यूम स्वतंत्र साक्षीदार म्हणून उभे करता येत नाही. ग्रॅनव्हिल यांच्या बेरजेत तर सकाळची ती खरेदीसुद्धा दिवसाच्या सगळ्या व्हॉल्यूमबरोबर उण्यात गेली, कारण शेअर खाली बंद झाले.

‘खाली बंद’ याचाही अर्थ तपासावा लागतो. जानेवारी २०२४ च्या पद्धतीत रोखीच्या बाजारातला बंद भाव म्हणजे साडेतीनचा शेवटचा सौदा नव्हे. शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी. त्या अर्ध्या तासात व्हॉल्यूम ओतणारा बंद भाव हलवू शकतो. म्हणजे भाव आणि व्हॉल्यूम हे दोन वेगळे पुरावे समजून ताडून पाहायचे, तर दिवसाच्या सगळ्यात महत्त्वाच्या भावात व्हॉल्यूम आधीच मिसळलेले आहे.

आणि आज तो चार्ट उघडला, तर १,५३७ दिसणारच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये एचडीएफसी बँकेने एकास एक बोनस दिला, त्यामुळे जुने भाव निम्मे करून दाखवले जातात: १,५३७ च्या जागी सुमारे ७६८, १,३६३ च्या जागी ६८२. सोबत जुने व्हॉल्यूम दुप्पट करायला हवे. भाव समायोजित आणि व्हॉल्यूम कच्चे अशी सरमिसळ झाली, तर बोनसनंतर व्हॉल्यूम अचानक दुप्पट झाल्याचे दिसते आणि एक ब्रेकआउट कागदावर जन्माला येतो.

भारतीय बाजारात एक आकडा मात्र असा आहे, जो अमेरिकी पुस्तकांत सापडत नाही, आणि क्लासमध्ये त्याला वेळ कमी मिळतो. डिलिव्हरीचा टक्का. एनएसई रोज संध्याकाळी भावकॉपीसोबत प्रत्येक शेअरमध्ये झालेल्या व्यवहारांपैकी किती शेअर प्रत्यक्ष खात्यात गेले, हे प्रसिद्ध करते. समजा, एका शेअरमध्ये सोमवारी १० लाख शेअरांचे व्यवहार झाले आणि डिलिव्हरी २ लाखांची, म्हणजे २० टक्के. मंगळवारी भाव ४ टक्के वाढला, व्यवहार ३० लाख, डिलिव्हरी ३ लाख, म्हणजे १० टक्के. चार्टवरची दांडी तिप्पट झाली. मालकी बदललेले शेअर दीडपटच. उरलेले २७ लाख त्याच दिवशी आले आणि गेले. हाच शेअर मंगळवारी १२ लाखांच्या व्यवहारात ६ लाख डिलिव्हरी दाखवतो, तेव्हा दांडी जेमतेम वाढते आणि घरी नेलेला माल तिप्पट होतो. पहिला प्रकार स्कॅनर पकडतो, दुसरा नाही.

या आकड्यातही खोट आहेच. निर्देशांकात बदल होतो, त्या दिवशी इंडेक्स फंडांना ठरलेली खरेदी करावीच लागते. डिलिव्हरी फुगते, मत कोणाचेच नसते. पण तो संध्याकाळी येतो, इंट्राडेची वेळ संपल्यावर. ज्याच्या हाती तो पडतो, त्याला विचाराला किमान रात्र मिळते. खर्चाचा फरक मात्र लक्षात घ्यावा: डिलिव्हरीच्या सौद्यावर एसटीटी दोन्ही बाजूंना ०.१ टक्के, त्यामुळे १ लाखाची खरेदी-विक्री दलाली शून्य धरली तरी सुमारे २२२ रुपयांना पडते, वर डीमॅट खाते सांभाळणाऱ्या डीपीचे शुल्क. इंट्राडेच्या ८२ रुपयांच्या पावणेतीन पट. तरी ५ टक्क्यांची चाल पकडणाऱ्याला हा खर्च चालीच्या साडेचार टक्क्यांच्या आत आहे. अर्धा टक्का पकडणाऱ्या इंट्राडेवाल्याला ८२ रुपये म्हणजे चालीचे साडेसोळा टक्के.

तरी लोक इंट्राडेकडेच वळत गेले. २०१८-१९ ते २०२२-२३ या चार वर्षांत इंट्राडे करणाऱ्या व्यक्तींची संख्या ३०० टक्क्यांहून जास्त वाढली, म्हणजे किमान चौपट. तिशीच्या आतल्यांचा वाटा १८ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर गेला. दोन्ही आकडे एकत्र केले की चित्र स्पष्ट होते: तिशीच्या आतले किमान साडेदहा पट झाले, बाकीचे अडीच पट. तिशीच्या आतल्यांत तोट्यातले ७६ टक्के. अविवाहितांत ७५ आणि विवाहितांत ६७, हा आकडा तेव्हा बातम्यांत बराच फिरला; अविवाहित बहुतांशी तिशीच्या आतलेच, हे धरले की त्यातली गंमत बरीच कमी होते.

रोखीतून पुढची पायरी फ्युचर्स-ऑप्शनची. तिथे २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातले १८.६ लाख ट्रेडर होते, देशाच्या २१.७ टक्के, गुजरात ११.६ आणि उत्तर प्रदेश १०.७, दोन्ही मिळून महाराष्ट्राच्या जरा पुढे. त्या विभागातला वैयक्तिक ट्रेडरांचा निव्वळ तोटा २०२३-२४ मध्ये ७४,८१२ कोटी होता, २०२४-२५ मध्ये १,०५,६०३ कोटी झाला. ४१ टक्के वाढ. तोट्यातल्यांचे प्रमाण ९१ टक्क्यांवर तसेच राहिले. लागोपाठ तोटा होऊनही ७५ टक्क्यांहून जास्त जण पुढच्या वर्षी सौदे करतच राहिले, असे सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या पाहणीत आहे.

चिकाटीचा उपयोग होतो का, याचा एक आकडा ब्राझीलचा आहे. २०१३ ते २०१५ मध्ये तिथे फ्युचर्समध्ये डे-ट्रेडिंग सुरू करणाऱ्यांपैकी जे ३०० हून जास्त दिवस टिकले, त्यांतले ९७ टक्के तोट्यात राहिले. तिथल्या किमान वेतनापेक्षा जास्त कमावणारे १.१ टक्के.

सेबीने जानेवारी २०२५ मध्ये शिकवणाऱ्यांना एक अट घातली: शेअर बाजार शिकवताना भाव वापरायचे, तर किमान तीन महिने जुने वापरायचे. आकृतिबंध शिकवायला जुना चार्ट पुरतो. डोके-खांदे २०२३ चे असोत की कालचे, आकार तोच. अडचण त्यांना झाली, ज्यांच्या शिकवण्यात उद्या कोणता शेअर घ्यायचा हे येत होते.

राहिला प्राप्तिकर. इंट्राडेचा तोटा सट्ट्याचा तोटा धरतात. तो पगारातून वजा होत नाही, लांब मुदतीच्या भांडवली नफ्यातूनही नाही, फक्त सट्ट्याच्या नफ्यातून होतो आणि चारच वर्षे पुढे ओढता येतो, तोही विवरणपत्र वेळेत भरले असेल तर. २०२२-२३ च्या त्या ७१ जणांची मुदत २०२६-२७ च्या नफ्यापर्यंत आहे.